भल्ला मोठा आवाज

भिवामामानं चहाचा कप खाली ठेवून मिशी पुसली की समजावं, आता आवाजाची गोष्ट निघणार. यंदाही तसंच झालं. मंडईचा दिवस, तलावाच्या पाळीखाली चहाची टपरी, बाकावर गावातली चार जुनी खोडं, आणि त्यांच्यासमोर मी नि माझी धाकटी बहीण वनी. आम्ही दोघी सकाळच्या एस.टी.नं भंडाऱ्याहून आलो होतो आणि नुकत्याच टेकलो होतो. भिवामामानं कप ठेवला, मिशी पुसली.

"काही म्हणा," तो म्हणाला, "त्या दिवशीचा आवाज काही साधासुधा नोता."

झालं. एकानं खाणीतला सुरुंग काढला, दुसऱ्यानं विमान काढलं, तिसऱ्याच्या नातवानं मोबाइलवर काहीतरी शोधून आजोबांच्या नाकासमोर धरलं. चाळीसहून अधिक वर्षं झाली, एका दुपारी एकदाच झालेला एक आवाज, आणि आमचं गाव अजून त्याच्यामागं हात धुऊन लागलंय. सानगडीकडं जाताना अलीकडं आमचं गाव लागतं. गावात दुसरं काही घडलंच नाही असं नाही. पण इतकी वर्षं पुरलेलं दुसरं काही नाही.

वनी चहा पीत सगळ्यांच्या तोंडांकडं पाहत होती. तिला ऐकू येत नाही. कधीच येत नव्हतं, असं मी आज सरळ लिहिते आहे. पण आमच्या घरात हे वाक्य मायच्या हयातीत कुणी उच्चारलं नाही.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. पुण्या-मुंबईची माणसं हमखास तसं समजतात म्हणून सांगते. दिवाळीची भाऊबीज झाली की आमच्याकडं गावोगावी मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची, अशी पाळी ठरलेली. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दिवसा दंडार नाचते आणि रात्री नाटक लागतं. घरोघरी कढई चुलीवरून उतरत नाही. शेतात हलका, लवकर पिकणारा धान कापून झालेला असतो, त्याचे कडपे ओळीनं पडलेले असतात, आणि भारी धान तेवढा उभा असतो, तलावाच्या शेवटच्या पाण्याची वाट पाहत. त्या दिवसांत हवेला एक वास येतो. कापलेल्या धानाचा, ओल्या तणसाचा, सकाळच्या धुक्याचा. तो वास मला नागपुरातल्या फ्लॅटमध्ये कधीकधी उगाच आल्यासारखा वाटतो, आणि मग मी दिवसभर कुणाशी धड बोलत नाही.

मला आठवते ती मंडई मी आठ-नऊ वर्षांची असतानाची. वनी चार वर्षांची होऊन गेली होती आणि अजून बोलत नव्हती. ते कुणाला फारसं टोचत नव्हतं. "बापही उशिराच बोलला होता," असं म्हणून सगळे मोकळे. मोठीआई, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, तिला पोपटानं टोचलेला पेरू आणून खाऊ घालायची. पोपटाचं उष्टं खाल्लं की लेकराची जीभ सुटते म्हणतात. वनीनं त्या वर्षी एवढे पेरू खाल्ले की तिला पेरू दिसला की ती पळायची, पण शब्द काही फुटला नाही. माय हे सगळं बघायची आणि गप्प राहायची. मायचं गप्प राहणं आम्हाला सवयीचं होतं.

त्या मंडईचे वास मी अजून वेगवेगळे करून सांगू शकते. सानगडीच्या हलवायाच्या कढईतल्या जिलेबीचा आंबूस-गोड वास, उकडलेल्या शिंगाड्यांचा चिखलाळ वास, नव्या बांगड्यांच्या खोक्यातल्या भुशाचा, आणि दंडारीतल्या गड्यांच्या तोंडाला फासलेल्या पावडरीचा. आमची दंडार पाळीखालच्या मैदानात नाचायची. बाईचं काम गडीच करायचे. त्या वर्षी राधा झालेला गडी मिशी काढायला तयार नव्हता, म्हणून मिशीवरूनच पावडर थापली होती आणि बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. ढोलकीवर भिवामामा. तो आमचा खरा मामा नव्हे, गावाचाच मामा. तेव्हा तिशीचा असेल. मान एका बाजूला टाकून, डोळे मिटून वाजवायचा.

ऊन कलायला लागलं होतं. मी हलवायापाशी उभी होते. माय मोहाच्या झाडाखाली बायांमध्ये बसली होती आणि वनी तिच्यापासून चार हात लांब, मातीत शिंगाड्याची टरफलं मांडत होती. आणि तो आवाज झाला.

कसा झाला, हे मला सांगता येत नाही. फटाका नव्हता, वीजही नव्हती. आभाळ स्वच्छ होतं. कानात वाजण्याआधी तो छातीत बसला, मग पायांखालून गेला असं वाटलं. ढोलकी थांबली. बैलांनी दावी ताणली. तलावावरचे सगळे बगळे एका दमात उठले, आणि मैदानातली झाडून सगळी माणसं तलावाकडं वळली.

"पाळ फुटली," कुणीतरी ओरडलं.

हे आमच्याच गावात होऊ शकतं. दुसरीकडं असा आवाज झाला तर माणसं घरात पळतात, नाहीतर आडवी होतात. आमची माणसं पाण्याकडं पळाली. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. ती फुटली तर कापलेला धान वाहून जातो आणि उभा धान तहानेनं मरतो, म्हणजे दोन्हीकडून मरण. सगळ्यांत पुढं राधा. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पायांतल्या घुंगरांसकट. मागं दंडारीतला राजा लाकडी तलवार घेऊन. शिंगाडे विकणाऱ्या ढिवरणीनं पोत्यातले शिंगाडे तिथंच मातीत ओतले आणि रिकामं पोतं घेऊन धावली, कारण खिंडार बुजवायला मातीची पोती लागतात. सानगडीच्या हलवायाचा या तलावाशी काडीचा संबंध नव्हता, पण तोही झारा हातात घेऊन आमच्यासोबत पळाला. मीही पळाले. लेकरं, म्हातारे, पाहुणे, जावई, सगळे.

पाळ फुटली नव्हती.

आम्ही धापा टाकत वर चढलो तर तलाव जिथल्या तिथं. काठोकाठ भरलेला, कमळाची पानं पसरलेली, त्यावर पिवळं ऊन. गड्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाळ तपासली, पाण्याच्या दाराशी बसून हात घालून पाहिलं. कुठंही ओल नव्हती. सगळं गाव पाळीवर उभं होतं आणि पाणी आमच्याकडं बघत होतं. मग राधा मटकन खाली बसली, पावडर घामानं ओघळून मिशी उघडी पडलेली, आणि म्हणाली, "मंग वाजलं तरी काय?"

त्यावर जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं. भीती गेल्यावरचं हसू वेगळंच असतं. आम्ही हसत, एकमेकांना टाळ्या देत, आल्या पावली मैदानात आलो. ढिवरणीचे शिंगाडे बकऱ्यांनी खाऊन टाकले होते. जिलेबीची कढई करपली होती.

मोहाच्या झाडाखाली माय बसली होती. एकटीच. वनी मांडीवर, आणि मायचे दोन्ही तळवे वनीच्या दोन्ही कानांवर घट्ट दाबलेले. माय आमच्याकडं बघून म्हणाली, "माह्या पोरीचे कान गेले. त्या आवाजानं गेले."

सगळ्यांचं हसू तिथंच थांबलं. बायांनी वनीला घेरलं. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी नाव घेऊन हाका मारल्या. भिवामामानं ढोलकी आणून तिच्या मागं एक थाप मारली. वनी टरफलांशी खेळत राहिली. "हाव ना," बाया म्हणाल्या, "गेले बाप्पा कान."

तिथून पुढचे ऋतू मला आवाजाच्या कारणांवरूनच आठवतात.

हिवाळाभर लोक म्हणत होते की कुणीतरी मासोळीसाठी तलावात बारूद टाकली. पण मग मेलेली मासोळी कुठंय? एकही तरंगली नव्हती. धानाच्या चुरण्या चालू असताना, रात्री खळ्यावर शेकोटीशी, तुमसरकडच्या खाणीतले सुरुंग निघाले. एवढ्या लांबून कसा येईल, असं कुणी म्हटलं की दुसरा म्हणायचा, वारा तिकडचाच होता. मोहफुलं पडायला लागली तेव्हा एकाला जंगलात काळा जड दगड सापडला आणि तारा तुटून पडला असं ठरलं. तो दगड बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. पुढं त्याच्याचकडं वर्षभर तो दाराला टेकण लावायच्या कामी आला, कारण ते दार वाऱ्यानं फार आपटायचं. उन्हाळ्यात तलाव खाली गेला, तळाला भेगा पडल्या, आणि म्हातारे म्हणाले, जमिनीच्या पोटात काहीतरी सरकलं होतं त्या दिवशी.

प्रत्येक कारणाशी मायचं एकच नातं होतं. ती पदर सावरून विचारायची, "त्यानं कान जातात का?" जातात म्हटलं की ती पुढं काही विचारत नसे. कारण कोणतं का असेना, आवाज मोठा असायला हवा होता. बाबांनी वनीला भंडाऱ्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनच असावं. माय म्हणाली, "डाक्टर तिथं होते का त्या दिवशी?" येताना बाबांनी बाजारातून वनीला चावीचा मोर घेऊन दिला. तो चालताना खडखड वाजायचा. वनी तो हातात धरून त्याची थरथर पाहायची.

विमानाचं कारण आमच्या शाळेच्या गुरुजींनी काढलं. ते एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर आले आणि बाबांना समजावून सांगू लागले, की विमान आवाजापेक्षा जोरात गेलं तर असा धमाका होतो, त्यात काही नुकसान नसतं, काचा तडकल्या तर तडकल्या. माय दारात उभी राहून ऐकत होती.

"पण गुरुजी, लेकराचे कान जातात का त्यानं?"

गुरुजी खऱ्याचे माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला. वनी त्यांच्याच खिशातला खडू काढून ओसरीवर रेघा ओढत होती. गुरुजींनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि चष्मा घालून म्हणाले, "लहान लेकराचे कान नाजूक असतात, वहिनी."

माय आत गेली आणि त्यांच्यासाठी पुन्हा चहा ठेवला. खोटं न बोलणाऱ्या माणसानं आपल्यासाठी एकदा खोटं बोलावं, याची किंमत तिला कळत होती, असं मला आता वाटतं.

मोठीआईचं मात्र समाधान होत नव्हतं. ती वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. विहिरीवर सगळ्या बायांसमोर तिनं विचारलं, "गावभर माणसं होती, मंग हिच्याच पोरीचे कान काहून गेले? तुह्या माहेरी कोणी असं आहे का वं?"

माय दोर ओढत होती. ती लगेच म्हणाली, "नाई." फार लगेच म्हणाली. मी बाजूला उभी होते, माझ्या कानाला ते तेव्हाही खटकलं.

भिवामामा त्याच वेळी बैलांना पाणी पाजायला आला होता. बादली खाली ठेवून तो म्हणाला, "हिच्याच पोरीचे काहून? माहाबी गेला ना एक."

"काय गेला?" मोठीआईनं विचारलं.

"कान. डावा. तवापासून सूं करून राहिला, ऐकू काही येत नाही."

तो बादली घेऊन निघून गेला. त्या दिवसापासून भिवामामा डाव्या कानानं बहिरा आहे. ढोलकी वाजवायचा, सूर तिळभर हलायचा नाही, पण कुणी डावीकडून हाक मारली की वळायचा नाही. मला बघायला पाहुणे आले तेव्हा तो मुद्दाम येऊन बसला होता. नवऱ्याकडच्या कुणीतरी वनीबद्दल हळूच विचारलं, तर हा कानामागं हात नेऊन म्हणाला, "मोठ्यानं बोला जी. या गावात एक आवाज झाला होता, आमचे दोघांचे कान घेऊन गेला." पाहुणे हळहळले. लग्न जमलं. एवढ्या वर्षांत त्याची गडबड फक्त हातात होते. कधी डाव्या कानामागं नेतो, कधी उजव्या. गावात कुणी त्याला त्याबद्दल टोकत नाही.

मायच्या माहेरची गोष्ट मला फार उशिरा कळली. तिचं माहेर कारध्याचं, भंडाऱ्याच्या समोर, वैनगंगेच्या काठी. माझी मुलं मोठी झाली होती तेव्हाची गोष्ट. भंडाऱ्याहून कारध्याच्या मामाकडं जाताना एस.टी. पुलावर आली, खाली नदीला पाणी बरं होतं, आणि माय खिडकीतून बघत एकाएकी बोलायला लागली.

"माही एक आत्या होती. मुकी म्हणत तिले. नाव होतं, पारबता, पण नावानं कोणी बोलावलं नाई. तिले ऐकूच नोतं येत तं बोलावून काय करता."

मी तिच्याकडं वळले.

"लग्न नाई झालं. शाळा नाई. गोठ्यातच राहे. दिवसभर भांडे घासे. पितळीचे गंज-पातेले, चिंच लावून. सोन्यावानी करे. आन आम्ही पोट्टे काय करू, तं मागून जाऊन गंज आपटू. पाहू, दचकते का. नाई दचके. आम्ही हासू."

नदीवरून वारा येत होता, तिनं पदर कानावरून घेतला.

"मेली तवाबी तिचे हात चिंचेनं काळे होते," एवढंच ती पुढं म्हणाली. कंडक्टरनं घंटी दिली आणि आम्ही कारध्याला उतरलो.

त्यानंतर मला आमचं स्वयंपाकघर आठवत राहिलं. शेजारी भांड्यांचा केवढा खणखणाट असायचा. आमच्याकडं भांडं वाजत नसे. माय पितळी गंज दोन्ही हातांनी उचलून, लेकरू निजवावं तसा खाली ठेवायची. ताटावर ताट ठेवताना मध्ये फडकं घालायची. वनी जन्मल्यापासूनच हे असं होतं, आवाजाच्या किती तरी आधीपासून. मोठीआई चेष्टा करायची, "हिच्या घरी कोणी जेवते का नाही, आवाजच येत नाही." मला वाटायचं, मायचा स्वभावच हळू. पुलावरून आल्यावर कळलं, की एखादं भांडं हातून निसटून वनीच्या मागं पडलं असतं तर मायला ते कळून चुकलं असतं, आणि तिला कळून घ्यायचं नव्हतं. चार वर्षं तिनं घरात काही वाजू दिलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सुखाचं आहे. वनीला नागपूरच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत घातलं. आमच्या वेळी गावातून मुलगी लांब शाळेत पाठवणं सोपं नव्हतं, पण माय हटून बसली. आवाजानं कान गेलेली पोर सगळ्या गावाची होती. तिच्यासाठी गुरुजी अर्ज घेऊन हिंडले, मोठीआईनं स्वतःच्या हातानं लाडू बांधून दिले, भिवामामा पेटी डोक्यावर घेऊन एस.टी.पर्यंत आला. जन्माची मुकी असती तर गोठ्याचं दार उघडंच होतं. वनी शिकली, भंडाऱ्याला सरकारी कचेरीत लागली. तिच्यासारख्याच एका भल्या माणसाशी तिचं लग्न झालं. दोन पोरं आहेत, दोन्ही ऐकतात आणि दोन्ही भयंकर बोलतात. माय तिच्याकडंच राहिली शेवटपर्यंत. गेल्या उन्हाळ्यात गेली. तिचे हात शेवटी वनीच्या हातांत होते. त्या दोघींचं बोलणं हातांचंच होतं.

माय गेल्यानंतरची ही पहिली मंडई. म्हणूनच आम्ही दोघी आलो. पाळीवर आता सिमेंटचे खांब लागलेत, मोहाचं झाड मात्र आहे. दंडारीला लाउडस्पीकर आलाय. शिंगाडे तसेच, चिखलाळ वासाचे.

टपरीवर वाद रंगात आला होता. नातू मोबाइलवरचं वाचून दाखवत होता, म्हातारा त्याला "बह्याड आहे का तू" म्हणत होता. वनीनं माझा हात दाबला आणि खुणेनं विचारलं, ही माणसं कशावरून भांडताहेत?

मला एकदम लक्षात आलं. एवढ्या वर्षांत त्या आवाजाबद्दल गावातल्या प्रत्येकाला विचारून झालं होतं. बैलांनी काय केलं तेसुद्धा विचारून झालं होतं. वनीला कुणी विचारलं नव्हतं. जिनं ऐकलंच नाही तिला काय विचारायचं?

मी खुणेनं सांगितलं. मंडई. तू लहान. मोठा आवाज.

ती हसली. आठवतंय, तिनं हातानं सांगितलं. सगळं आठवतंय.

आणि तिनं कप बाजूला ठेवून सांगायला सुरुवात केली. बोटांनी ढोलकी वाजवली, म्हणजे भिवामामा. ढोलकी थांबली. मग दोन्ही पंजे उडवले, बगळे. मग लुगडं खोचून पळणारी राधा अशी केली की बाकावरचे म्हातारे बोलायचे थांबले आणि बघून हसायला लागले. शिंगाडे ओतणारी ढिवरण केली. झारा घेतलेला हलवाई केला. दोन वेण्या दाखवून तोंड उघडं टाकून पळणारी मी केली, आणि ती मीच होते यात शंका नाही. तिला ती काहीतरी गंमत वाटली होती. सगळ्या माणसांनी एकदम माना वळवल्या, सगळ्यांनी एकाच बाजूला.

तिनं हात लांब करून तलाव दाखवला. सगळे तिकडं बघत होते.

मग तिनं नाकाच्या उजव्या बाजूला बोट लावलं. मायची फुली. आमच्या घरात मायसाठी हीच खूण.

माय तिकडं बघत नव्हती. वनीनं ते बोट स्वतःच्या छातीला लावलं. माय माझ्याकडं बघत होती.

मी तिचे हात बघत राहिले.

सगळे गेले, वनीनं सांगितलं. मैदान रिकामं. माय माझ्याकडं बघतच होती. मग आली, मला उचललं, झाडाखाली बसली आणि रडली. वनीनं दोन्ही गालांवरून बोटं खाली ओढली, पुन्हा पुन्हा, म्हणजे फार रडली. मी तिला टरफल दिलं खेळायला. मग पाळीवर तुम्ही दिसलात, परत येताना, हसताना. तिनं डोळे पुसले. तोंड पुसलं. आणि मग, शेवटी, वनीनं आपले दोन्ही तळवे उचलले आणि स्वतःच्या दोन्ही कानांवर घट्ट दाबले.

तशीच ती माझ्याकडं बघत बसली. तिला वाटत होतं मी हसेन. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आम्ही सगळे पाळ वाचवायला धावलो होतो, आणि माझी माय रिकाम्या मैदानात एकटी, आपल्या लेकीचं काय होणार ते बघत बसली होती. आम्ही पाळीवर जाऊन येईपर्यंत तिला जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात तिनं रडून घेतलं आणि पुढची सगळी वर्षं ठरवून टाकली.

वनीनं तिच्या ओढणीनं माझे डोळे पुसले. बाकावरचे सगळे आमच्याकडं वळले होते. मोबाइलवाला नातूसुद्धा.

"काय म्हणून राहिली वनी?" भिवामामानं विचारलं. आता तो पंच्याहत्तरीच्या घरात आहे. त्याच्या आवाजात भीती होती, मी ती ओळखली.

मी म्हटलं, "मामा, वनी म्हणते, आवाज भल्ला मोठा होता."

भिवामामानं हळूच श्वास सोडला आणि हात कानामागं नेला. यंदा उजव्या.

"मंग," तो म्हणाला, "मी काय खोटं सांगून राहिलो इतके वर्षं?"